चेंडूच्या आधी उडी

१५ एप्रिल, सकाळ, ऑफिस

नाही रुई, तुझ्यासाठी नाही. हे आधी डोक्यातून काढ. मी हात वर केला कारण चेंडू माझ्या बोटाला लागला होता. उजवा हात, करंगळीच्या शेजारचं बोट. लागला की हात वर करायचा, पंच हिरवं कार्ड दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात, पॉइंट समोरच्यांना जातो. आपल्या व्हॉलीबॉल लीगमध्ये हे नेहमीचंच. त्यात तू कुठे आलीस?

आणि तो मेसेज. "हाने-सान, तुमचे उपकार विसरणार नाही." तुमचे. पहिल्या वर्षी तू मला तुम्ही म्हणायचीस, ते ठीक, मी दोन वर्षांनी मोठी. मग कोर्टवर तू आणि खोलीत तुम्ही. मग खोलीतही तू. एकदा हॉस्टेलच्या मावशींसमोर "ए हाने, माझा मोजा घातलास ना?" म्हणालीस, तर मावशींनी तुला आठवडाभर मिसो सूप सगळ्यात शेवटी वाढलं. सहा वर्षं एका खोलीत काढली, आणि एक वर्ष ओसाकाच्या टीमकडे राहिलीस तर मी परत तुम्ही.

फोनवर लिहीत नाहीये कारण फोनवर तू लगेच उत्तर देतेस. ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय. मागच्या बाजूला बेअरिंगच्या खोक्यांचे नंबर आहेत, ते वाचू नकोस.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने ऐक. पाचवा सेट, आम्ही चौदा, तुम्ही तेरा. सीझनची शेवटची मॅच. जिंकलो असतो तर पहिल्या आठात, आणि पहिल्या आठात आलो तर कंपनी टीमला वरच्या लीगमध्ये ठेवणार, नाहीतर खालच्या. हे आमच्या अध्यक्षांनी नवीन वर्षाच्या भाषणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तुझ्याही कानावर आलं असणार. तुमच्या त्या ब्राझीलच्या मुलीने मारला, चेंडू माझ्या हातांवरून मागे बाहेर गेला. रेषेवरच्या पंचाने झेंडा वर केला, आउट. मुख्य पंचांनी पॉइंट आम्हाला दिला. कॅमेऱ्यात बघा म्हणायचे तुमचे दोन्ही चान्स संपले होते. आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. आणि मी हात वर केला. चौदा-चौदा. पुढचे दोन तुमचे.

परतीची बस. चार तास. कोचनी सगळ्यांना विचारलं, "कुणाला उलटी होतेय का?" तेवढंच.

आज सकाळी टेबलावर आले तर आमचे नुकाता साहेब पेपर बघत बसलेले. तेच नुकाता साहेब, ज्यांना तू रोज चहात साखर जास्त घालून द्यायचीस. पेपरात माझा फोटो, खाली माझं आडनाव, मुरोया. म्हणाले, "मुरोया-सान, प्रामाणिकपणा इकडे ऑफिसात ठेवायचा हो. कोर्टवर कशाला घेऊन जाता?" मग स्वतःच हसले. मग म्हणाले, "माझी बायको रडली टीव्ही बघून." मी विचारलं, "हरलो म्हणून की कार्ड मिळालं म्हणून?" म्हणाले, "विचारलं नाही. मलाही झोप येत होती."

तर, उपकार नाहीत. चेंडू लागला, हात वर केला. संपलं. ह्यानंतर मी लिहिणार नाही.

हाने

(तिकडे तुला नवीन कोर्टनेम दिलंय म्हणे, कोर्टवर हाक मारायला. मी नाही वापरणार. रुई हे नाव मी ठेवलं होतं, रुई म्हणजे बेस म्हणून. सगळं ज्याच्यावर उभं राहतं ते. आता हसू येतं.)


२१ एप्रिल, ऑफिस, जेवणाच्या सुट्टीच्या आधी

लिहितेय.

तुमच्या मॅनेजरबाईंचा फोन आला होता. तुमची मधली खेळाडू गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतेय, पुढचा सीझन नाही. तुमच्या कोचना तिच्या जागी मी हवी आहे. म्हणे, "जी स्वतःहून हात वर करते तिच्यावर अख्खी टीम भरवसा ठेवते." आणि म्हणे, "सेटर पण ओळखीची आहे, जमवायला वेळ लागणार नाही." हे बोलताना बाई खूश होत्या. दहा मेपर्यंत कळवायचंय. त्याआधी एक दिवस येऊन सराव करून जा म्हणाल्या.

मी एकतीस वर्षांची आहे. इथे पुढच्या महिन्यात खांद्यावर हात पडणार, आता खेळणं थांबव म्हणून, तुला माहीत आहे कसा पडतो. कोच कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसतात, स्वतःचा ट्रे बाजूला करतात, आणि विचारतात, "गुडघे काय म्हणतायत?" गुडघे काहीही म्हणत असले तरी उत्तर तेच. मग पूर्ण वेळ ऑफिस. माझ्यासाठी डिस्पॅच सेक्शन ठरलंय, नुकाता साहेबांनी आडून सांगितलं. "खुर्ची खिडकीजवळची आहे," म्हणाले.

म्हणजे तुमच्याकडून फोन येणं ही माझ्या वयात लॉटरी आहे. सकाळी फाइल आणि दुपारी चेंडू असं नाही, दिवसभर फक्त चेंडू. तू त्यासाठीच गेलीस. आणि चेंडू उचलून देणारी सेटर तू, परत तुझा पास. हो म्हणायला मला अर्धं मिनिटही लागायला नको होतं.

लागतंय. म्हणून एक गोष्ट दुरुस्त करते.

बोटाला लागला असं मी लिहिलं होतं. लागला की नाही मला कळलं नव्हतं. त्या दिवशी बोटांना दोन थर टेप होती, वर सगळा हात तिसऱ्या सेटपासून बधिर. चेंडू गेला, वारा लागला, बस. मग मी आपण नेहमी करायचो तेच केलं. तुझ्याकडे बघितलं.

आपली पद्धत होती ना. सरावात पंच नसायचे, ज्याचं त्याने सांगायचं. ब्लॉकला उडी मारली की मला स्वतःची बोटं दिसत नाहीत, खाली उभ्या असलेल्या तुला दिसतात. मी वळून बघायचे. तू कानाची पाळी दोन बोटांत धरलीस की लागला. नाही धरलीस की नाही लागला. मग मी हात वर करायचे किंवा नाही करायचे. सहा वर्षं. कोचना पण माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं माझ्या बोटांची जाणीव फार तीक्ष्ण आहे.

फक्त त्या दिवशी तू जाळीच्या पलीकडे होतीस. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एका पॉइंटवर अख्खा सीझन लटकलेला, आणि मी समोरच्या टीमच्या सेटरला विचारते, लागला का गं? हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

तू कान धरलास. मी हात वर केला.

आता प्रश्न एवढाच की



फोन आला होता. ओकायामाच्या गिऱ्हाईकाला चुकीच्या मापाची बेअरिंग गेलीयत. बसते त्यांच्याशी बोलत.


२ मे, हॉस्टेल

सुट्ट्या. बाहेर ट्यूलिप बघायला आलेल्यांच्या बसेस. सगळ्या पोरी घरी गेल्या, हॉस्टेलात मी आणि मावशी.

काल कोच कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसले. ट्रे बाजूला केला. "गुडघे काय म्हणतायत?" मी म्हटलं, "तुम्हाला विचारतायत." ते हसले नाहीत. म्हणाले, "ओसाकावाल्यांचा फोन मलाही आला होता. जा. मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो." मग बराच वेळ सूप ढवळत बसले. शेवटी म्हणाले, "तो टच. मला दिसला नव्हता. कुणालाच दिसला नव्हता. तुला कळलं, हे तुझं."  कानाचं तुला लिहितेय, त्यांना सांगितलं नाही.

मावशींना सांगितलं. त्या भाताचे ओनिगिरी वळत होत्या, वर किसलेलं समुद्री शेवाळ, कोंबू, तुला आवडतो तसा. कानाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कान खाजला असेल तिचा. एप्रिलमध्ये सीडरचे पराग उडतात, अख्ख्या देशाचे नाक-कान खाजतायत. आणि तू त्याच्यावर मॅच देऊन आलीस?"

मी म्हटलं, "ती केस कानामागे घेत असेल असं पण वाटलं होतं."

"केस कुठायत? टीव्हीत तर तिने पोरासारखे कापलेले."

"तेच."

"मग खाज," मावशी म्हणाल्या. "खा."

ओसाकाला जाताना तू त्यांना सांगून गेलीस हे त्यांनी कालच सांगितलं. मला नाही सांगितलंस. मला लीगच्या वेबसाइटवर कळलं, ऑफिसात, नुकाता साहेबांच्या खांद्यावरून. खोलीत आले तर तुझी गादी घडी करून ठेवलेली, वर तुझ्या सपाता, तोंडं भिंतीकडे. मावशी म्हणतात, "तिने मला सांगितलं कारण मी तिच्याकडे बघत राहत नाही. तू बघत राहतेस."

असेल.

दुपारी नेझु-सान आले. आमचे व्हिडिओवाले, तुला आठवत असतील, मॅचमध्ये जेवत नाहीत आणि नंतर तीन वाट्या भात खातात. त्यांच्याकडे आमच्या मागच्या बाजूच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग असतं, लीगच्या कॅमेऱ्यांहून वेगळं, सरावासाठीचं. म्हणाले, "मुरोया-सान, बघायचं नसेल तर मी पुसून टाकतो. मी कुणाला दाखवलं नाहीये." मी म्हटलं, "पुसा." ते दारापर्यंत गेले. मी म्हटलं, "थांबा."

अगदी हळू करून दाखवलं. चेंडू येतो, माझी बोटं वर जातात, चेंडू वरून जातो. बोट आणि चेंडू ह्यांच्या मधून मागच्या भिंतीवरची टायरची जाहिरात दिसते. अक्षर वाचता येतं.

लागला नव्हता.

नेझु-सान म्हणाले, "बधिर हाताला भास होतात. माझ्या वडिलांना व्हायचे." मी हो म्हटलं. मग त्यांना भात वाढला.

आता तीनच गोष्टी उरतात. एक, मावशी म्हणतात ती. दोन, तू जाळीच्या पलीकडून, खालून, ब्राझीलवालीच्या खांद्याआडून बघितलंस आणि तुला खरंच लागल्यासारखा वाटला. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, त्यात काही पाप नाही. तीन.

तिसरी मी लिहीत नाही.

ह्या तिन्हींतलं कोणतं ते फक्त तुला माहीत. आणि तुझा मेसेज मी परत वाचला. उपकार. खाज सुटली म्हणून कुणी उपकार मानत नाही. पण खोटं बोललेलं माणूस उपकार मानतं का? मला वाटत नाही. की मानतं? मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "भांडी विसळ."

मी नऊला सरावाला येते असं तुमच्या मॅनेजरबाईंना कळवलं.


९ मे, तुमच्या जिमचं प्रवेशद्वार, बुटांच्या कपाटासमोरचा बाक

घाईत लिहितेय.

आदल्या दिवशी नुकाता साहेबांनी रजेच्या कागदावर सही करता करता विचारलं, "ती क्विक म्हणजे नक्की काय असते हो? बायको विचारत होती." मी सांगितलं, मधल्या खेळाडूने आधी उडी मारायची. सेटरच्या हातातून चेंडू निघायच्याही आधी. आपण वर हवेत, हात मागे ओढलेला, आणि चेंडू येऊन हातात बसतो.

"म्हणजे चेंडू नसताना उडी?"

"हो."

"आणि नाही आला तर?"

"खाली यायचं."

ते सही करायचे थांबले. "आणि हे तुम्ही किती वर्षं केलंत?"

म्हटलं, "तिच्याबरोबर सहा."

"मग ओसाकाला जायला कशाला विचार करताय," म्हणाले आणि सही केली.

आज सकाळी तू दाराशी आलीस. "हाने-सान, प्रवास नीट झाला का?" मी म्हटलं, "झाला." तुमची दुसरी सेटर, ती एकोणीस वर्षांची पोर, तुझ्या कानात कुजबुजली, "हीच का ती कार्डवाली?" तू तिला टपली मारलीस. तू केस आणखी बारीक केलेयस. डोक्याचा आकार चांगला आहे तुझा, मला माहीत नव्हतं.

मग सराव. तू सगळ्यांसमोर पहिलाच पास क्विकला मागितलास. आपला. जाळीच्या मध्ये, छोटा, खांद्याएवढ्या अंतरावर.

मी धावत आले आणि तुझ्याकडे बघितलं.

एवढंच. एक नजर. मग उडी मारली. चेंडू माझ्या समोरून वर जाऊन खाली येत होता, मी अजून वर चढत होते. हात रिकाम्या हवेत फिरला. चेंडू पलीकडच्या पोरीच्या पायाशी जाऊन थांबला, तिने तो उचलून नम्रपणे परत दिला.

तू म्हणालीस, "उशीर."

मी म्हटलं, "हो."

दुसरा. परत बघितलं. परत उशीर. तुमचे कोच वहीत न लिहिता नुसते बघत होते. वय, त्यांना वाटलं असणार. तुला तसं वाटलं नाही. तू चेंडू हातात धरून थोडी जास्त उभी राहिलीस, आणि तेव्हा तुला कळलं हे मला कळलं.

तिसऱ्याला मी डोळे मिटले.

खरंच. तीन पावलं, डोळे बंद, उडी. चेंडू तळहातात येऊन बसला, मधोमध, जिथे सहा वर्षं बसायचा तिथेच. आवाज पण तोच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्डवाली म्हणणारी पोर तर ओरडली. कोच म्हणाले, "हेच. हेच पाहिजे," आणि मॅनेजरबाईंकडे बघून मान हलवली. चौथा, पाचवा, सहावा, सगळे डोळे मिटून. एकही चुकला नाही.

तुझ्या हातात काही खोट नाही, रुई. हे लिहून ठेवते.

पण डोळे मिटून मॅच खेळता येत नाही. समोर ब्लॉकवाल्या असतात, त्या बघायच्या असतात. डोळे उघडले की मी आधी तुझ्याकडे बघणार. कान धरते का म्हणून नाही. नुसती. आणि क्विकमध्ये जी आधी बघते ती उशिराच पोचते. खाज होती असं तू आत्ता येऊन शपथेवर सांगितलंस तरी मी बघणार. दुसरं सांगितलंस, तिसरं सांगितलंस, तरी. म्हणून मला उत्तर नकोय. आधी हवं होतं. आगगाडीत बसले तेव्हाही हवं होतं.

सरावानंतर कोचनी कागद पुढे केला. मी म्हटलं, "विचार करून सांगते." ते म्हणाले, "उद्या शेवटची तारीख आहे." मी म्हटलं, "मग आजच सांगते, नाही." मॅनेजरबाईंना वाटलं पगाराचं आहे. त्या मला बाजूला घेऊन आकडा वाढवायला लागल्या, मला वाईट वाटलं त्यांचं.

तू माझ्या बॅगेचा पट्टा धरलास. "जेवून जा. बोलायचंय मला." मग हळू आवाजात, "हाने, थांब. मी आंघोळ करून आलेच."

हाने. सान नाही, तुम्ही नाही.

मी म्हटलं, "ये."

डिस्पॅचला सोमवारपासून जाते. खिडकीजवळची खुर्ची. नुकाता साहेब म्हणतात खिडकीतून टीमचं मैदान दिसतं, पण मी पाहून आलेय, पार्किंग दिसतं.

आधीची तीन पत्रं पण ह्यातच आहेत, टाकायची राहिली होती. क्रमाने वाच. मोठ्या मापाच्या बुटांच्या खणात तुझे बूट सापडले, अजून तेच जुने, डावा आतून झिजलेला. पत्रं डाव्यात ठेवतेय. मावशींनी तुझ्यासाठी ओनिगिरी दिलेत, उजव्यात. रुमालात बांधलेत, घाण नाही होणार.

आत शॉवर बंद झाला. तुझे केस आता एवढेसे, वाळायला वेळ लागायचा नाही. निघते.